पोट भरलेलं असूनही लेकरं दगावत होती, कारण वाटीतच होतं. ते शोधणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांची गोष्ट

बाळ सहा महिन्यांचं झालं की घरात उष्टावणाची तयारी सुरू होते. मामाच्या मांडीवर बसून, सोन्याच्या नाहीतर चांदीच्या अंगठीनं खिरीचं बोट चाटवलं जातं, फोटो निघतात, स्टेटस पडतात. कार्यक्रम छान होतो. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो, की आता बाळाला रोज द्यायचं काय?

आजी म्हणते वरणाचं पाणी दे, शेजारच्या काकू म्हणतात भाताची पेज दे, मोबाईलवरचं रील म्हणतं अमुक कंपनीची पावडर दे. बाळाची आई मात्र एकच गोष्ट बघते, वाटी संपली का? संपली म्हणजे पोट भरलं आणि पोट भरलं म्हणजे काळजी मिटली.

पण वाटी संपणं आणि बाळाचं पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला कळायला एक डॉक्टर बाई आफ्रिकेत जावी लागली. त्यांचं नाव डॉ. सिसिली विल्यम्स. बालआरोग्याच्या इतिहासात त्यांचं नाव फार मोठं आहे, पण आपल्याकडं ते फारसं कुणाच्या कानावर पडत नाही. म्हणूनच त्यांची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

वडील म्हणाले, हिनं डॉक्टरच व्हावं

सिसिली डेल्फिन विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ चा, जमैकामधला. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि विल्यम्स हे तिथं पिढ्यान् पिढ्या राहिलेलं इंग्रज जमीनदार घराणं. सिसिली नऊ वर्षांच्या असताना वडील त्यांना म्हणाले होते, की तुला नवरा मिळणं अवघड दिसतंय, तेव्हा तू आपली डॉक्टरच हो. बापानं लेकीची केलेली ही थट्टा पुढं शब्दशः खरी ठरली. सिसिली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी लग्न कधीच केलं नाही.

तेराव्या वर्षी शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजमध्ये जागाही मिळाली होती. पण तेवढ्यात जमैकामध्ये भूकंप आणि वादळांनी घराची घडी विस्कटली. घरच्यांच्या मदतीसाठी सिसिली शिक्षण सोडून परत गेल्या. १९१६ साली वडील वारले आणि २३ व्या वर्षी त्या पुन्हा ऑक्सफर्डला आल्या.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. तरुण पोरं आघाडीवर गेल्यामुळं वैद्यकीय वर्गातले बाक रिकामे पडले होते. म्हणून मुलींना आत घेतलं गेलं. बाईनं डॉक्टर व्हावं असं विद्यापीठाला मनापासून वाटत होतं अशातला भाग नव्हता. त्या काळी ऑक्सफर्ड मुलींना शिकू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. ती अट निघाली १९२० मध्ये.

१९२३ साली सिसिली डॉक्टर झाल्या. युद्ध संपून पुरुष डॉक्टर परत आले होते, त्यामुळं बाई डॉक्टरला नोकरी मिळणं मुश्कील झालं होतं. लंडनच्या हॅकनी भागातल्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना दोन वर्षं काम मिळालं. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची बीजं तिथं पडली. आजारी मूल बरं करून घरी पाठवायचं आणि महिन्याभरानं तेच मूल तोच आजार घेऊन परत यायचं. त्यांच्या लक्षात आलं, की मूल ज्या घरात राहतं, जे खातं, जे पितं ते माहीत नसेल तर औषधाची बाटली देऊन फार काही होत नाही.

आक्रा शहरातलं कोडं

१९२९ साली सिसिली यांना ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत नोकरी लागली आणि नेमणूक झाली गोल्ड कोस्टला. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना देश. हुद्दा होता महिला वैद्यकीय अधिकारी. या हुद्द्यातल्या महिला या शब्दाचा सरळ अर्थ असा होता, की काम पुरुष डॉक्टरांइतकंच पण पगार कमी. ही गोष्ट त्यांना कायम खटकत राहिली.

आक्रा शहरातल्या प्रिन्सेस मेरी लुईस या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम सुरू केलं. तिथं त्यांच्यासमोर एक विचित्र चित्र उभं राहिलं.

साधारण एक ते चार वर्षांची मुलं यायची. हातापायाला आणि चेहऱ्याला सूज, पोट फुगलेलं, कातडी काळवंडून पापुद्रे सुटलेली, केस विरळ आणि तांबूस झालेले. मूल सतत किरकिर करायचं नाहीतर एका जागी निपचित पडून राहायचं. सुजेमुळं काही मुलं लांबून गुटगुटीत वाटायची. पण यातली बहुतेक मुलं थोड्या दिवसांत दगावायची.

गंमत म्हणजे ही मुलं उपाशी नव्हती. त्यांना घरी खायला मिळत होतं. आई वाटीभर भरवतही होती.

तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी या आजारावर शिक्का मारून ठेवला होता, की हा पेलाग्रा आहे. पेलाग्रा म्हणजे मका खाणाऱ्या गरीब लोकांमध्ये दिसणारा, एका जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. सिसिली यांना ते पटेना. कातडीवरचे डाग वेगळे होते, होणारी मुलं एका ठराविक वयाचीच होती आणि पेलाग्रात अशी सूज दिसत नाही. त्यांनी दगावलेल्या मुलांची शवविच्छेदनं स्वतः केली. अँटिबायोटिक्सच्या आधीचा तो काळ. शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून त्यांना जंतुसंसर्ग झाला आणि जीवावर बेतलं. त्यातून त्या वाचल्या आणि परत कामाला लागल्या.

उत्तर आयांकडं होतं

पुस्तकात उत्तर नव्हतं. मग सिसिली यांनी अशी गोष्ट केली जी त्या काळचे गोरे डॉक्टर सहसा करायचे नाहीत. त्यांनी मुलांच्या आयांनाच विचारलं, की तुम्ही याला काय म्हणता?

आक्रा भागातल्या गा भाषेत या आजाराला नाव होतं, क्वाशिओरकोर. त्याचा अर्थ साधारण असा, की पाठीवर दुसरं भावंड आल्यावर जागा गेलेल्या मोठ्या बाळाला होणारा आजार.

या एका शब्दात अख्खं निदान होतं. डॉक्टर ज्याला पेलाग्रा म्हणत होते, त्याचं खरं कारण तिथल्या बायकांना आधीपासून माहीत होतं. घरात नवं बाळ येतं, आईचं दूध त्याच्याकडं जातं, मोठं बाळ अंगावरून तुटतं. आणि मग ते काय खातं?

इथं सिसिली वाटीपर्यंत पोचल्या. या मुलांना मिळत होती आंबवलेल्या मक्याची पातळ पेज किंवा मक्याच्या पिठाचे शिजवलेले गोळे. पेजेला तिथं अकासा म्हणतात आणि गोळ्यांना केंके. सकाळी मका, संध्याकाळी मका. सोबत डाळ नाही, शेंगदाणा नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही. मोठी माणसं मक्यासोबत मासे आणि कालवण खायची, पण लहानग्याला ते सोसणार नाही म्हणून त्याच्या वाट्याला नुसता मका यायचा.

आईच्या दुधात बाळाला लागणारी प्रथिनं होती, ती बंद झाली. मक्यात प्रथिनं कमी आणि जी आहेत ती अपुरी. शरीर घडवायला लागणारे लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे घटक मक्यात फार थोडे असतात. म्हणजे पोट भरत होतं, पण बाळाचं शरीर आतून पोखरत चाललं होतं.

१९३३ साली सिसिली यांनी आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड या नियतकालिकात या आजारावर पहिला लेख लिहिला. १९३५ मध्ये द लॅन्सेटमध्ये दुसरा लेख आला आणि त्याच्या शीर्षकात त्यांनी आयांनी सांगितलेला शब्द जसाच्या तसा वापरला. आफ्रिकेतल्या आयांच्या बोलीतला शब्द अशा रीतीनं वैद्यकशास्त्रात गेला आणि आजही जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या पुस्तकात तो तसाच आहे.

टीका झालीच. पेलाग्राचे जाणकार म्हणून नावाजलेले डॉ. ह्यू स्टॅनस यांनी हा वेगळा आजार आहे हेच मान्य केलं नाही. लंडनमधल्या ज्येष्ठ तज्ज्ञापुढं आक्रामधल्या बाई डॉक्टरचं म्हणणं मागं पडलं आणि पुढची बरीच वर्षं क्वाशिओरकोरला पेलाग्राच समजलं गेलं.

इकडं आक्रामध्ये सिसिली यांनी कामाची पद्धतच बदलली होती. फक्त आजारी मुलं तपासायची नाहीत, तर धडधाकट बाळांनाही नियमित बोलवायचं. प्रत्येक मुलाचं कार्ड ठेवायचं. नर्सना घरोघरी पाठवायचं आणि आईला खायला घालण्याबद्दल सांगायचं. आज अंगणवाडीत वजनकाटा आणि कार्ड बघताना हे साधं वाटतं. तेव्हा रोग बरा करणारं खातं वेगळं आणि रोग टाळणारं खातं वेगळं अशी विभागणी होती. सिसिली यांना ती भिंतच नको होती. त्यावरून वरिष्ठांशी खटके उडाले आणि १९३६ साली त्यांची बदली मलायाला झाली.

सिंगापूरमधलं ते भाषण

मलाया म्हणजे आजचा मलेशिया आणि सिंगापूरचा पट्टा. इथं सिसिली यांना वेगळीच अडचण दिसली. आक्रामध्ये आईचं दूध सुटल्यावर चुकीचं अन्न सुरू होत होतं, इथं आईचं दूध असतानाच ते बंद केलं जात होतं.

दुधाच्या कंपन्यांनी बाजार शोधला होता. नर्ससारखे कपडे घातलेल्या बायका वस्त्यांमध्ये जायच्या. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला सांगायच्या, की अंगावरच्या दुधापेक्षा डब्यातलं गोड घट्ट दूध बाळाला चांगलं. पांढरे कपडे बघून आईला वाटायचं ही सरकारी नर्सच आहे. मग डबा विकत घेतला जायचा.

या डब्यातलं दूध बऱ्याचदा मलई काढलेलं असायचं. म्हणजे अ आणि ड जीवनसत्त्व गायब. त्यामुळं मुलांचे डोळे जायचे, हाडं वाकायची. डबा महाग म्हणून आई तो पुरवून पुरवून वापरायची, त्यात पाणी जास्त घालायची. पाणी अस्वच्छ, बाटली अस्वच्छ. जुलाब सुरू झाले की खेळ खलास. तोवर आईचं दूधही आटलेलं असायचं, त्यामुळं मागं फिरायची वाट बंद.

१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबनं सिसिली यांना भाषणासाठी बोलावलं. समोर शहरातली प्रतिष्ठित मंडळी. सिसिली यांनी भाषणाला नाव दिलं मिल्क अँड मर्डर, म्हणजे दूध आणि खून. आडपडदा न ठेवता त्यांनी मांडलं, की चुकीचा प्रचार करून आईचं दूध बंद पाडणं आणि त्यात बाळ दगावणं याला खूनच म्हटलं पाहिजे आणि असा प्रचार करणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे.

या भाषणानंतर कंपन्यांवर कारवाई झाली असं काही नाही. दोनच वर्षांनी युद्ध दारात आलं.

तुरुंगातली वीस बाळं

डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं मलायावर हल्ला केला. सिसिली तेव्हा त्रेंगानू या भागात होत्या. तिथून त्या सिंगापूरला पोचल्या, पण फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरही पडलं. हजारो कैद्यांसोबत सिसिली चांगी तुरुंगात गेल्या. महिलांच्या छावणीचं नेतृत्व त्यांच्याकडं आलं.

पुढं जपानी लष्करी पोलिसांनी, म्हणजे केंपेताईनं त्यांना चौकशीसाठी उचललं. काही महिने त्यांना छळ आणि उपासमार सोसावी लागली. मरणपंथाला लागलेल्या कैद्यांसोबत पिंजऱ्यासारख्या कोठड्यांत राहावं लागलं. आमांश झाला, बेरीबेरी झाला. बेरीबेरीमुळं पायाची संवेदना गेली ती आयुष्यभर परत आली नाही. लेकरांच्या अन्नावर संशोधन करणाऱ्या बाईनं अन्न कमी पडलं की शरीराचं काय होतं ते स्वतः भोगलं.

युद्ध संपल्यावर त्यांनी या छावणीतल्या बायका-मुलांच्या पोषणावर अहवाल लिहिला. त्यातली एक नोंद आजही सांगितली जाते. छावणीत वीस बाळं जन्मली, वीसही बाळं आईच्या दुधावर राहिली आणि वीसही जगली. ना डबा, ना बाटली, ना पावडर. अर्धपोटी आया आणि तुरुंगाच्या भिंती, एवढ्यावर. सिंगापूरच्या भाषणात जे सांगितलं होतं त्याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा नव्हता.

शोध गाजला आणि गाडी भलतीकडं गेली

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटना सुरू झाली आणि तिच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या डॉ. सिसिली विल्यम्स. आता क्वाशिओरकोरकडं दुर्लक्ष करणं कुणालाच शक्य नव्हतं. आफ्रिकेतल्या दहा देशांमध्ये पाहणी झाली. हा आजार सगळीकडं आहे आणि मोठ्या प्रमाणावर आहे हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जगानं मान्य केलं.

पण इथं एक गडबड झाली. तज्ज्ञांनी या शोधातून एकच शब्द उचलला, प्रथिनं. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिनं कमी पडतात, चला प्रथिनांचा पुरवठा करू. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांचा खास प्रथिन सल्लागार गट बसला. माशांचं पीठ, दूध पावडर, नाना तऱ्हेची मिश्रणं कारखान्यात बनायला लागली.

याला प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये एक भारतीय नाव पुढं होतं, डॉ. सी. गोपालन. कुन्नूर आणि नंतर हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांनी कुपोषित मुलांवर काम केलं होतं. हैदराबादची तीच संस्था म्हणजे आजची राष्ट्रीय पोषण संस्था. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडच्या गरीब मुलाला मुळात अन्नच कमी पडतं. डाळ आणि धान्य एकत्र असलेलं घरचं जेवण त्याला पोटभर मिळालं तर प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. उलट एकूण ऊर्जा कमी पडली, तर शरीर मिळालेली प्रथिनंही इंधन म्हणून जाळून टाकतं.

१९७४ साली डोनाल्ड मॅक्लॅरेन या पोषणतज्ज्ञानं लॅन्सेटमध्ये लेख लिहून या सगळ्या प्रथिन मोहिमेला मोठी फजिती ठरवलं. मूल क्वाशिओरकोरपर्यंत जातं त्यामागं एकटी प्रथिनांची कमतरता नसते, त्यात वारंवार होणारे जुलाब, जंतुसंसर्ग आणि आतड्यांची अवस्था यांचाही हात असतो, हे पुढच्या संशोधनातून दिसत गेलं.

मग सिसिली चुकल्या होत्या का? तर नाही. त्यांनी कारखान्यातली पावडर मागितलीच नव्हती. त्यांचा सगळा आग्रह घरावर होता. आईचं दूध चालू ठेवा, वरच्या अन्नात आसपास मिळणारी चांगली गोष्ट मिसळा, आईला वेळेत सांगा आणि मूल आजारी पडायची वाट बघत बसू नका.

घानामध्ये हेच पुढं झालं. १९८७ साली तिथल्या आरोग्य खात्यानं युनिसेफच्या मदतीनं विनिमिक्स नावाचं मिश्रण आणलं. बहुतांश मका, त्यात चवळी किंवा सोयाबीन आणि थोडे शेंगदाणे. सगळं भाजायचं, दळायचं आणि पेज करायची. मका तोच होता, फक्त त्याला जोडीदार मिळाले होते.

आपल्या वाटीत काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, मक्याच्या पेजेचा आणि आपला काय संबंध? संबंध आहे. वरणावरचं पाणी, भाताची निवळ, नुसती तांदळाची पातळ पेज, दुधात बुडवलेलं बिस्कीट, हे सगळे आपल्याकडचे अकासाचे भाऊ आहेत. वाटी भरलेली दिसते, पण आत मुख्यतः पाणी नाहीतर नुसतं पीठ आणि साखर.

गणित बघा. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागं साधारण ३० मिली मावतं. म्हणजे आठ किलोच्या बाळाचं पोट २४० मिलीत भरलं. ती जागा वरणाच्या पाण्यानं भरली तर डाळीला जागा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आईच्या दुधाव्यतिरिक्त सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांना ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नुसत्या पाण्यातून त्या येत नाहीत.

आणि याचं उत्तर आपल्या आज्यांकडं आधीपासून आहे. त्याचं नाव खिमटी.

तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, खमंग भाजायची आणि भरड दळून ठेवायची. साधारण दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ. लागेल तेव्हा पाण्यात मऊ शिजवायची आणि वरून तूप. तांदळात लायसिन कमी असतं ते डाळ भरून काढते, डाळीत मेथिओनिन कमी असतं ते तांदूळ भरून काढतो. तुपानं कमी जागेत जास्त ऊर्जा मिळते. विनिमिक्समागचं तत्त्व आणि खिमटीमागचं तत्त्व एकच आहे.

नाचणी सत्त्वाचंही तसंच. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की त्यात तयार झालेली विकरं पिठाला पातळ करतात. त्यामुळं पाणी कमी आणि नाचणी जास्त घालूनही बाळाला गिळता येईल अशी लापशी होते.

मग काही गोष्टी लक्षात ठेवायच्या.

• सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर वरचं अन्न सुरू करायचं, पण अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढंही चालू ठेवायचं.

• अन्न इतकं घट्ट हवं की चमचा तिरका केला तर लगेच ओघळून जाऊ नये. वरणाचं पाणी नको, घोटलेलं वरण हवं.

• सुरुवातीला दिवसातून दोन ते तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी.

• या वयात लोह कमी पडायला लागतं. त्यामुळं डाळी, पालेभाज्या, आणि घरात चालत असेल तर अंडं, मासे, मटण-चिकन नीट शिजवून, मऊ करून द्यायचं.

• पिवळा भोपळा, गाजर, रताळं, केळं, पपई असं काही ना काही रोज कुस्करून घालायचं.

• वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातून गंभीर विषबाधेचा धोका असतो. वरून मीठ-साखरही नको.

• अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं द्यायची नाहीत, घशात अडकतात. शेंगदाण्याचं बारीक कूट अन्नात शिजवून चालतं.

• हात, वाटी, चमचा स्वच्छ. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. उरलेलं अन्न तासन् तास ठेवून परत भरवायचं नाही.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन वाढत नसेल किंवा घरात कुणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर सुरुवात आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायची. आणि हातापायाला सूज दिसली तर बाळसं धरलंय असं समजून गप्प बसायचं नाही.

हे फक्त गरीब घरासाठी आहे असंही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ११ मुलांना पुरेसा आहार मिळतो. उरलेल्या ८९ मध्ये फक्त उपाशी घरातली लेकरं असतील असं म्हणता येत नाही. त्यात भरल्या घरातल्या रिकाम्या वाट्याही आहेत.

शेवट

नंतरच्या काळात सिसिली यांनी जमैकामध्ये काम केलं, लंडनमध्ये पोषण विषय शिकवला, बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवलं. जगभरातल्या विद्यार्थ्यांना त्या एकच गोष्ट शिकवत राहिल्या. आईला अडाणी समजू नका, तिला आधी विचारा आणि मग सांगा.

सिंगापूरच्या भाषणाला ४२ वर्षं झाल्यावर, १९८१ साली जागतिक आरोग्य सभेनं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय नियमावली मंजूर केली. ११८ देश बाजूनं होते, विरोधात एकटी अमेरिका. आपल्या भारतानं तर पुढं जाऊन १९९२ साली कायदाच केला. बाळाचं पावडरचं दूध आणि दुधाची बाटली यांच्या जाहिरातीवर बंदी आली, आणि २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचं तयार अन्नही या बंदीत आलं. डब्यावर गोंडस बाळाचा फोटो छापायलाही मनाई झाली. नर्सचे कपडे घालून दारात येणाऱ्या त्या बायकांची जागा आज मोबाईलवरच्या शिफारशींनी घेतली असली, तरी कायदा तोच लागू आहे.

त्याच वर्षी, १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांचं निधन झालं. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या.

आक्रामधलं ते मुलांचं हॉस्पिटल आजही सुरू आहे. आणि तिथल्या आयांनी दिलेला तो शब्दही. त्यामुळं पुढच्या वेळी घरात उष्टावण झालं, की वाटी संपली का याच्या आधी वाटीत काय होतं हे एकदा बघायचं. सिसिली यांनी अख्खं आयुष्य तेवढंच सांगितलं.